उपाशी यीस्टची गोष्ट : परळची बरणी ते टोकियोचा सूक्ष्मदर्शक

(नेरळ येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)



श्रावण लागला की आपल्या सगळ्यांच्या फोनवर एक निरोप फिरायला लागतो. एकादशीला येतो, नवरात्रात येतो, चातुर्मासात तर रोज येतो. उपवासाने शरीर स्वतःची साफसफाई करतं, हे एका जपानी शास्त्रज्ञाने सिद्ध केलं, त्याला नोबेल मिळालं, आणि आपल्या पूर्वजांना हे आधीपासून ठाऊक होतं, असा त्याचा मथितार्थ. या निरोपातली एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे. योशिनोरी ओसुमी नावाचे जपानी शास्त्रज्ञ आहेत आणि २०१६ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. पण त्यांनी उपाशी कुणाला ठेवलं होतं, हे त्या निरोपात कधीच नसतं. त्यांनी उपाशी ठेवलं होतं यीस्टला.

आजचा विषय तो आहे. अन्न तुटलं की एक पेशी काय करते? ते करायला तिला कोण सांगतं? आणि हे माणसाला कसकसं कळत गेलं? हा साधारण नव्वद वर्षांचा इतिहास आहे. त्याचं एक टोक टोकियोला आहे, आणि दुसरं टोक इथून लोकलने जाता येईल अशा परळला आहे. शेवटी आपण उपवासाच्या प्रश्नाकडे येऊच. पण आधी यीस्टशी ओळख करून घेऊ.

खरं तर ओळख जुनीच आहे. कर्जत स्टेशनवर तुम्ही वडापाव खाता, त्यातला पाव यीस्टने फुगलेला असतो. पहाटे ताडावरून उतरवलेला रस गोड असतो, ती नीरा. ऊन चढलं की त्याच मडक्यात फेस धरतो आणि तिची ताडी होते. गोव्यातले पोदेर पूर्वी पाव फुगवायला माडाची सूरच वापरायचे, म्हणजे ताडीचीच बहीण. ही सगळी कामं एकपेशीय जीवांची, आणि त्यात सगळ्यात कामसू जो, त्याचं शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. एका मिलिमीटरच्या लांबीत याच्या साधारण दोनशे पेशी ओळीने बसतील, एवढा हा लहान. पण याला बॅक्टेरिया समजू नका हं. हा बुरशीच्या भावकीतला. याच्या पेशीत आपल्या पेशीसारखं केंद्रक असतं, गुणसूत्रं असतात. १९९६ साली याचा संपूर्ण जनुकीय नकाशा वाचून झाला, केंद्रक असलेल्या जीवांमध्ये सर्वांत पहिला. सोळा गुणसूत्रं आणि सुमारे सहा हजार जनुकं. त्यातल्या कितीतरी जनुकांचे भाऊबंद तुमच्या-माझ्या पेशीत आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता त्या ताडीच्या मडक्यात डोकावू. रस ताजा आहे, साखर भरपूर आहे. अशा वेळी यीस्टची पेशी दीड-दोन तासांत एकाची दोन होते. दिवसभरात लाखांची कोटी. आणि मग? साखर संपते. मडक्याबाहेरही तेच. फुलात मध आज आहे, उद्या फूल वाळतं. पिकलेलं फळ चार दिवस, मग कोरडं. म्हणजे या जीवाचं आयुष्यच दोन दिवस सण आणि मग लांबलचक दुष्काळ असं आहे. बरं, माणूस उपाशी पडला की गाव सोडतो. आपल्या कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधून दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती हौसेने जात नाहीत. यीस्टला पाय नाहीत, जागचं हलता येत नाही. जे करायचं ते त्याने आहे तिथेच, स्वतःच्या आतच करायचं. त्यामुळे भुकेचा अभ्यास करायला याच्यासारखा जीव नाही.

इतिहास सुरू होतो १९२८ साली, मुंबईत.

त्या काळी मुंबईत गरोदर बायकांमध्ये एक भयंकर पंडुरोग दिसत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी व्हायच्या आणि आकाराने मोठ्या, अर्धवट घडलेल्या असायच्या. बायका पांढऱ्याफटक पडायच्या, बाळंतपणात दगावायच्या. याचा शोध घेण्यासाठी लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. हे काम तिने नुसत्या प्रयोगशाळेत बसून केलं नाही. तळपदे यांच्याबरोबर तिने मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीमानाची पाहणी केली, ती १९३० साली प्रसिद्ध झाली. या बायका खातात काय, राहतात कुठे, उजेड-हवा किती मिळते, असे साधे प्रश्न. आणि उत्तराचा रोख स्पष्ट होता. जिच्या ताटात भाजी, दूध, फळ, मांस नाही, तिला हा रोग जास्त. हा रोग संसर्गाचा दिसत नव्हता, ताटातल्या उणिवेचा दिसत होता.

उणीव कशाची? त्या वेळी यकृताचा अर्क काही पंडुरोगांवर चालतो हे नव्याने कळलं होतं, पण तो महाग. विल्स स्वस्त काहीतरी शोधत होती. तिने उंदरांवर, माकडांवर वेगवेगळे आहार देऊन बघितले, आणि तिच्या हाती लागली मार्माइट नावाच्या काळ्या, खारट, चिकट पदार्थाची बरणी. इंग्लंडमध्ये तो पावाला लावून खातात. दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून तो करतात. तिने तो रोगी बायकांना दिला आणि त्या सुधारल्या. काही दिवसांत रक्त भरायला लागलं. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केलं. त्या बरणीतल्या अनोळखी गुणकारी वस्तूला लोक पुढे 'विल्स घटक' म्हणू लागले. १९४१ साली पालकाच्या पानांतून ती वस्तू वेगळी काढली गेली आणि तिला फॉलिक अॅसिड हे नाव मिळालं. काही वर्षांतच अमेरिकेत ती प्रयोगशाळेत बनवणाऱ्या गटाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. आज आपल्या उपकेंद्रात गरोदर बाईला जी लाल गोळी मिळते, लोह आणि फॉलिक अॅसिडची, तिच्या कुळाची एक मुळी परळच्या त्या बरणीत आहे.

पण आपल्या विषयासाठी त्या बरणीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. मार्माइट बनवतात कसं? यीस्टला मीठ आणि ऊब देतात. पेशी मरते, तिच्या आतले पाचक रस मोकळे सुटतात आणि तिचीच प्रथिनं पचवून टाकतात. बाहेरून वेगळा पाचक घालावा लागत नाही. यीस्ट स्वतःला पचवतं. म्हणजे स्वतःला पचवण्याची पुरती सामग्री पेशीच्या आत तयार असते, हे कारखानदारांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ठाऊक होतं. प्रश्न असा, की जिवंत पेशी आपल्याच आत ही असली जहाल सामग्री बाळगते कशासाठी? १९३१ साली हे कुणी विचारलं नाही. विचारायला लागणारी साधनंच नव्हती.

साधनं कशी आली, ते बघा. इथेही भूकच कामाला आली.

एखाद्या जीवाच्या जनुकांचा अभ्यास करायचा, तर त्याचे आई-बाप आणि पोरं ओळखता यायला हवीत. यीस्टमध्ये ते कसं करणार? कळी फुटते, पेशी वेगळी होते, सगळ्या एकसारख्या. पण एक गोष्ट जुन्या लोकांनी पाहिली होती. यीस्टला ओल्या जिप्समच्या ठोकळ्यावर, अन्नाविना ठेवलं, की काही पेशींच्या आत जाड सालीचे चार दाणे तयार होतात. हे बीजाणू. १९३५ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ओयविंड विंग यांनी दाखवलं, की या प्रत्येक दाण्यात गुणसूत्रांचा अर्धाच संच असतो, आणि दोन दाण्यांचं पुन्हा मीलन झालं की पूर्ण संच जमतो. म्हणजे यीस्टलाही नर-मादीसारखे दोन पक्ष आहेत, आणि भूक लागली की ते पुढच्या पिढीची तयारी करतं. सुईच्या टोकाने ते चार दाणे वेगळे करायचे, वाढवायचे, कुणात कोणता गुण उतरला ते पाहायचं. यीस्टचं सगळं आनुवंशिकीशास्त्र या चार दाण्यांवर उभं आहे. उपासमार झाली नसती तर हे शास्त्रच झालं नसतं, असं म्हटलं तरी चालेल.

आता १९८० च्या दशकात येऊ. शास्त्रज्ञांची पद्धत कळली की पुढचं सगळं सोपं आहे. समजा गिरणीत शंभर कामगार आहेत आणि कोण काय करतं ते तुम्हाला माहीत नाही. एकेकाला एकेक दिवस सुट्टी द्यायची आणि काय बंद पडतं ते बघायचं. यीस्टमध्ये एकेक जनुक बिघडवायचं आणि पेशी कुठे अडते ते बघायचं. अशा बिघडलेल्या वाणाला म्यूटंट म्हणतात.

मॅरियन कार्लसन आणि डेव्हिड बॉटस्टीन यांनी १९८१ साली असे म्यूटंट काढले, ज्यांना साधी उसाची साखर खाता येत नव्हती. त्यातलं एक जनुक निघालं एसएनएफ-१. नीट पाहिल्यावर कळलं, की या जनुकाचं काम नुसत्या उसाच्या साखरेपुरतं नाही. ग्लुकोज हे यीस्टचं सर्वांत आवडतं अन्न. ते आहे तोवर यीस्ट दुसऱ्या कशाकडे ढुंकून बघत नाही. ते संपलं, की दुसरी साखर खा, नाही तर मघाशी तूच बनवलेली दारू खा, असा हुकूम सुटतो. हा हुकूम सोडणाऱ्यांमधला मुख्य माणूस म्हणजे एसएनएफ-१. दारू बनवणारं यीस्ट साखर संपल्यावर तीच दारू जाळून जगतं, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं, पण तसंच आहे. १९९७ साली अमेरिकेत या बदलाच्या वेळी सगळ्या जनुकांची एकदम मोजणी झाली. साधारण ७१० जनुकांचं काम दुपटीहून वाढलं आणि १०३० जनुकांचं निम्म्याहून खाली आलं. सहा हजारांपैकी एवढी! घरात धान्य संपलं तर आपण फक्त स्वयंपाकघर बंद करतो. इथे सगळं घरच नव्याने मांडलं जातं.

आणि या एसएनएफ-१ चा भाऊ माणसात आहे. १९९४ साली लक्षात आलं, की आपल्या शरीरात एएमपीके नावाचं जे प्रथिन पेशीतली ऊर्जा कमी झाली की जागं होतं, ते आणि यीस्टचं हे प्रथिन एकाच घराण्यातले. मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी तुमच्यापैकी कुणी घेत असेल, तर त्या गोळीच्या परिणामांपैकी एक म्हणजे या एएमपीकेचं जागं होणं.

असंच काम आपल्याकडे पवईला झालं. आयआयटी मुंबईत पैके जयदेव भट यांनी वर्षानुवर्षं यीस्टच्या गॅलॅक्टोजच्या जनुकांवर काम केलं. गॅलॅक्टोज म्हणजे दुधातल्या साखरेचा अर्धा भाग. ग्लुकोज असेपर्यंत ही जनुकं कुलूपबंद. ग्लुकोज गेलं आणि गॅलॅक्टोज समोर आलं, की कुलूप उघडतं. मग गॅलॅक्टोज आलं आहे, ही बातमी कुलपापर्यंत पोचवतं कोण? त्या निरोप्या प्रथिनावर भट यांचं महत्त्वाचं काम आहे, आणि या सगळ्या यंत्रणेवर २००८ साली त्यांचा ग्रंथही आला.

आता भुकेच्या राज्यातला दुसरा कारभारी. याची कथा जरा लांबून येते.

१९६४ साली कॅनडाचं एक वैद्यकीय पथक प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेलं. तिथली माती त्यांनी आणली. त्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून माँट्रियलच्या एका औषध कंपनीत एक द्रव्य मिळालं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून द्रव्याचं नाव रॅपामायसिन. त्यावर काम करणारे प्रमुख शास्त्रज्ञ होते सुरेन सहगल, फाळणीपूर्व पंजाबात जन्मलेले आणि बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. कंपनीने तिथली प्रयोगशाळा बंद केली, तेव्हा सहगल यांनी त्या सूक्ष्मजीवाचा वाण घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. पुढे काम पुन्हा सुरू झालं आणि १९९९ साली मूत्रपिंडरोपण झालेल्या रुग्णांसाठी त्याचं औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली. त्या फ्रीजरचे उपकार समजा.

हे द्रव्य यीस्टची वाढ थांबवत होतं. पण कसं? १९९१ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात जोसेफ हाइटमन, एन. राव मोव्वा आणि मायकेल हॉल यांनी असे यीस्टचे म्यूटंट काढले, ज्यांच्यावर रॅपामायसिन चालतच नाही. त्यावरून त्यांना दोन जनुकं सापडली. नाव ठेवलं 'टार्गेट ऑफ रॅपामायसिन', थोडक्यात टॉर. पुढे हॉल यांच्या गटाने दाखवलं, की रॅपामायसिन दिलेली पेशी भरल्या ताटासमोर बसूनही उपाशी असल्यासारखी वागते. म्हणजे टॉरचं काम कळलं. अन्न आहे, बांधकाम चालू ठेवा, असं सतत सांगत राहणारा तो मुकादम आहे. मुकादम गप्प झाला, की विटा येवोत न येवोत, काम थांबतं. आणि हा टॉर यीस्टपासून माणसापर्यंत सगळ्यांत आहे.

आता येऊ टोकियोला.

ओसुमी यांचा जन्म फेब्रुवारी १९४५ मधला, फुकुओकाचा. जपान युद्ध हरत आला होता तो काळ. १९८८ साली, वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षी, टोकियो विद्यापीठात त्यांना स्वतःची छोटी प्रयोगशाळा मिळाली. त्यांनी विषय निवडला यीस्टची रिक्तिका. रिक्तिका म्हणजे पेशीतली एक मोठी पिशवी. पुष्कळांच्या लेखी ती पेशीची कचराकुंडी होती, त्यामुळे तिथे गर्दी नव्हती. ओसुमी यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे, की त्यांना चढाओढ आवडत नाही. आणि मार्माइटच्या कारखान्यात जी पाचक सामग्री मोकळी सुटते म्हणालो ना, तिचा मोठा साठा याच पिशवीत असतो.

पेशी स्वतःचेच भाग पिशवीत घालून पचवतात, हे प्राण्यांच्या पेशीत पूर्वीच दिसलं होतं. बेल्जियमचे क्रिस्तियान द द्यूव्ह यांनी १९६३ साली त्याला ऑटोफॅजी म्हटलं, आपण स्वभक्षण म्हणू. पण ते कोणती जनुकं घडवतात, याचा पत्ता नव्हता. यीस्टमध्ये तर ते होतं की नाही हेच माहीत नव्हतं, कारण पेशी इतकी लहान की काही दिसत नाही.

ओसुमी यांनी युक्ती काय केली बघा. जात्यात दाणे पडताहेत की नाही हे कळत नसेल, तर जातं थांबवा. दाणे साठतील, दिसतील. त्यांनी असं यीस्ट घेतलं, ज्याच्या रिक्तिकेतले पाचकच निकामी होते. त्याला नायट्रोजन मिळणार नाही अशा पाण्यात ठेवलं. आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसले. काही तासांत रिक्तिकेत बारीक बारीक गोळे जमायला लागले, नाचायला लागले. पेशीने स्वतःचेच भाग पुड्या बांधून आत पाठवले होते, आणि पचवणारं कुणी नसल्याने पुड्या तशाच पडून होत्या. हे १९९२ साली प्रसिद्ध झालं.

मग तेच गिरणीतल्या सुट्टीचं तंत्र. हजारो म्यूटंट तपासायचे आणि पुड्या कुणात दिसत नाहीत ते बघायचं. पुढे त्यांनी अजून एक खूण वापरली, उपाशी ठेवल्यावर कोण लवकर मरतं. १९९३ साली मिकी त्सुकादा आणि ओसुमी यांनी अशी पंधरा जनुकं जाहीर केली. आज ही यादी चाळीसच्या पुढे गेली आहे. आणि १९९८ साली त्यांच्याच प्रयोगशाळेने दाखवलं, की खायला भरपूर असतानाही रॅपामायसिन दिलं तर स्वभक्षण सुरू होतं. म्हणजे बाझलचा मुकादम आणि टोकियोची पिशवी एकाच दोरीला बांधलेले निघाले. मुकादम बोलतोय तोवर मोडतोड बंद. तो गप्प झाला की मोडतोड सुरू.

त्या म्यूटंटची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ही जनुकं बिघडलेलं यीस्ट, पोटभर अन्न असताना अगदी ठणठणीत असतं. वाढतं, फुटतं, काही कमी नाही. फरक कळतो तो उपासमारीत. चांगलं यीस्ट दिवसामागून दिवस तग धरतं, आणि बिघडलेलं थोड्याच दिवसांत मरतं. सुगीत दोघं सारखे, दुष्काळात नाहीत. म्हणजे ही जनुकं खास वाईट दिवसांसाठी सांभाळलेली आहेत.

आता सगळं एका ओळीत लावू. अन्न तुटलं. टॉर गप्प होतो, नवं बांधकाम थांबतं. एसएनएफ-१ जागा होतो, दुसरं काही खाता येतंय का बघतो. स्वभक्षण सुरू होतं, जुने, जास्तीचे भाग मोडून त्यांच्या विटा पुन्हा वापरात येतात, म्हणजे निकडीची प्रथिनं तरी बनवता येतील. पेशी फुटायची थांबते, भिंत जाड करते, निजल्यासारखी होते. गुणसूत्रांचा दुहेरी संच असेल आणि फारच हलाखी आली, तर चार बीजाणू बांधते. आपल्याकडे शेतकरी काय करतो? आषाढ-श्रावणात कणगी तळाला लागली की आधी कामं आवरतो, मग घरातलं एकेक मोडतो. पण बियाणाचं भात शिजवत नाही. पेशीतही केंद्रक आणि त्यातली गुणसूत्रं जपली जातात, बाकी बरंच काही मोडीत जातं.

बरं, आता तो फोनवरचा निरोप. उपवासाला नोबेल मिळालं का?

नोबेल समितीने पारितोषिक दिलं ते स्वभक्षणाची यंत्रणा शोधल्याबद्दल. ती कशी चालते, कोणत्या जनुकांनी चालते, याबद्दल. एकादशी केल्याने माणसाचं आयुष्य वाढतं किंवा अमुक रोग बरा होतो, असा काही त्या कामाचा निष्कर्ष नाही. गंमत म्हणजे ओसुमींच्या यीस्टला साखर भरपूर होती, तोडलेला होता नायट्रोजन, म्हणजे प्रथिनं बनवण्याचा कच्चा माल. तेव्हा त्या प्रयोगाची घरात नक्कल करायची तर नुसता साबुदाणा खावा लागेल, दाण्याचं कूटही न घालता! कृपा करून हा नवा निरोप पाठवू नका. माणूस उपाशी राहिला की त्याच्या कोणत्या अवयवात किती स्वभक्षण होतं, हे जिवंत माणसात मोजणं अतिशय अवघड आहे. उपवास श्रद्धेने करा, त्याला नोबेलचा दाखला लागत नाही. फक्त ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, ज्या गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. साखर एकदम खाली गेली तर जीवावर बेतू शकतं.

पण सस्तन प्राण्यांत या जनुकांना खरोखर काय किंमत आहे, हे एका प्रयोगात स्वच्छ दिसलं. २००४ साली जपानमध्येच, ओसुमी यांच्याबरोबर काम केलेल्या नोबोरु मिझुशिमा यांच्या गटाने यातलं एक जनुक काढून टाकलेले उंदीर घेतले. पिल्लं जन्मायची ती दिसायला साधारण ठीक, पण एका दिवसाच्या आत मरायची. का? पोटात असताना नाळेतून अन्न येत असतं. जन्माबरोबर नाळ तुटते, आणि आईचं पहिलं दूध अजून मिळायचं असतं. मधल्या काही तासांत प्रत्येक पिल्लू उपाशी असतं. आयुष्यातली पहिली भूक. त्या वेळी पिल्लाच्या पेशी स्वतःचंच थोडं मोडून खातात आणि तेवढ्यावर दुधापर्यंत पोचतात. ज्यांना ते जमत नाही त्यांना हे तास फार जड जातात. ताडीच्या मडक्यात घडलेली विद्या जन्माच्या दाराशी अशी उपयोगी पडते.

यातच या सगळ्या इतिहासाचं सार आहे असं मला वाटतं. भुकेची ही जनुकं अन्नाची जागा घेत नाहीत. ती वेळ मिळवून देतात. पिल्लाला दुधापर्यंतचा, यीस्टला पुढच्या पावसापर्यंतचा. मोडण्यासारखं संपलं की उत्तम जनुकांचं यीस्टही मरतं. आणि निजलेल्या यीस्टला अन्न दिलं तर काही मिनिटांत टॉर बोलू लागतो, बांधकाम सुरू होतं. म्हणजे या यंत्रणेचं निम्मं काम पेशीच्या आत आहे, उरलेलं निम्मं बाहेरून यावं लागतं.

म्हणून भुकेवर बोलताना दोन भुका एकत्र करू नयेत. एक आपण हौसेने, श्रद्धेने, दुपारपर्यंत धरलेली. दुसरी लादलेली. त्या दुसऱ्या भुकेचं शहाणपण या परिसराला कुणी शिकवायला नको. माथेरानला जन्मलेले भाई कोतवाल आपण सिद्धगडच्या हौतात्म्यामुळे ओळखतो, २ जानेवारी १९४३. पण त्याच्या आधी याच पट्ट्यातल्या दुष्काळात अडलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यपेढ्या उभ्या केल्या होत्या. सुगीत भरायच्या, अडीला उपयोगी पडायच्या. तग धरणारं शेवटी तगेल, असं म्हणून ते गप्प बसले नाहीत. त्यांनी पुढचं दाणं कुठून येणार याची सोय केली.

लुसी विल्सनेही तेच केलं. मुंबईच्या त्या बायकांची शरीरं आपल्यापरीने झुंजतच होती, पेशीपेशीत ही सगळी यंत्रणा चालू होती. पण रक्त भरलं ते चमचाभर काळा अर्क पोटात गेल्यावर. पेशी किती दिवस तग धरते हे विज्ञानाने फार सुंदर उलगडलं. ती मुदत संपायच्या आत ताटात काहीतरी पोचवायचं, हे काम मात्र कोणत्याही जनुकात लिहिलेलं नाही. ते आपल्याकडे आहे. अंगणवाडीत, उपकेंद्रात, रेशनच्या दुकानात, वाडीवर जाणाऱ्या आशाताईंच्या पिशवीत.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासाबद्दल आधी विचारा.